बहिरा की ऐकता, एकदाचे ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
अपघात भरपाई अपील कार्यालय,
तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : अर्जदार बहिरा आहे की त्याला ऐकू येते, यांपैकी कोणतेही एक कायम करून, त्याप्रमाणे भरपाई तरी मिळावी किंवा नोकरी तरी परत मिळावी, याबाबत.

संदर्भ : १) कारखान्याचे बडतर्फीचे पत्र (अर्जदार ठार बहिरा). २) भरपाई न्यायाधिकरणाचा निकाल (अर्जदाराला उत्तम ऐकू येते). दोन्ही एकाच आठवड्यातील.

महोदय,

१. अर्जदाराची उमेदीची सगळी वर्षे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेस खात्यात गेली. तिथे एका वेळी इतक्या प्रेस पत्र्यावर आदळतात की शेजाऱ्याच्या कानात ओरडले तरी त्याच्यापर्यंत फक्त थुंकी पोहोचते. म्हणून त्या खात्यात सगळे हाताने बोलतात. मूठ फिरवली की साचा बदला. गळ्यावर दोन बोटे ठेवली की प्रेस थांबवा. कानाची पाळी ओढली की मोठे साहेब येताहेत, तोंड नीट करा. शिव्यांनाही खुणा आहेत. त्या अर्जात काढून दाखवता येत नाहीत याचा अर्जदाराला खेद आहे.

२. या आवाजाने अर्जदाराचे कान अर्धे गेलेलेच होते. उरलेले अर्धे हवेच्या दाबाची टाकी फुटली त्या दिवशी गेले. टाकीची तपासणी कागदावर वेळच्या वेळी झालेली होती, टाकीला तेवढे कोणी कळवले नसावे. अर्जदार घरी आला तेव्हा पत्नी समोर उभी राहून हातवारे करत बोलत होती आणि घर चिडीचूप होते. तेव्हापासून प्रत्येक कार्यालयात पत्नी सोबत असते. या अर्जात जिथे कोणी काही म्हटल्याचे लिहिले आहे, ते तिने ऐकून सांगितलेले आहे.

३. भरपाईच्या अपघात शाखेतल्या बाईंनी कायदा उघडून दाखवला. अपघात म्हणजे जे अचानक घडते ते. तुमचे कान हळूहळू गेले, आजार शाखेत जा. आजार शाखा समोरच्याच दारात. तिथल्या साहेबांनी तोच कायदा उघडला. आजार म्हणजे जो हळूहळू जडतो तो. तुमचे कान स्फोटाने गेले, अपघात शाखेत जा. अर्जदाराने तोड काढली, की उजवा कान अपघाताचा धरा आणि डावा आजाराचा. साहेब म्हणाले, "अहो, डोके एकच आहे ना? मग दोन फायली कशा होतील?"

४. ही कलमे ज्यांनी मंजूर केली ते लोकप्रतिनिधी त्याआधी कारखाना बघायला आले होते. पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्या दिवशी सगळ्या प्रेस बंद ठेवल्या होत्या. समितीने कान टवकारून ऐकले आणि आवाजाची पातळी समाधानकारक असल्याचे अहवालात नोंदवले. एका सन्माननीय सदस्याने अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून काही विचारले. तेवढ्यात अर्जदाराच्या साचे बसवणाऱ्या सोबत्याने, ज्याचे हात कधी थांबत नाहीत म्हणून सगळे त्याला पंखा म्हणतात, समोरून कानाची पाळी ओढली. अर्जदार मान डोलवून हसला. पंख्याने नंतर खुणांनी सांगितले, की सदस्यांनी विचारले होते, "काका, आवाजाचा काही त्रास?" तो हसरा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.

५. कोणी म्हणाले, मानवी हक्कांच्या कार्यालयात जा, तिथे माणसाची प्रतिष्ठा जपतात. भिंतीवर तसे मोठ्या अक्षरात लिहिलेही होते आणि खाली बसायला बाक नव्हता. तिथल्या तरुण वकीलबाईंनी अर्जदाराला समजावले, की तुमच्यावर अन्याय झाला हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही, भेदभाव व्हायला हवा. त्यासाठी तुमच्यासारखाच अर्धा हळूहळू आणि अर्धा अचानक बहिरा झालेला दुसरा माणूस आणा, ज्याला भरपाई मिळाली आहे. पत्नीने विचारले, "बाई, तसा माणूस असता तर आम्ही वाट विचारत त्याच्याकडे नसतो का गेलो?" वकीलबाईंनी हा मुद्दा चांगला असल्याचे सांगितले आणि फाईल बंद केली.

६. दरम्यान कारखान्यात क्रेनवाल्याने भोंगा वाजवला आणि अर्जदार हलला नाही. ओझे डोक्यापासून हातभर अंतरावर थांबले. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखला दिला, की हा ठार बहिरा आहे, कामास अपात्र. नोकरी गेली. नोकरीसोबत कारखान्याचे घर जाते, तशी नोटीस दाराला चिकटवून झाली आहे. दोन्ही शाखांविरुद्ध भरपाई न्यायाधिकरणात केलेल्या दाव्याची सुनावणी त्याच आठवड्यात होती. अर्जदाराला वाटले, चला, निदान बहिरेपणा तरी पदरात पडला, आता भरपाईला कोण अडवतो.

७. महोदय, यापुढचे कृपया सावकाश वाचावे. न्यायाधिकरणाची खोली एवढीशी आहे की साक्षीदारांचा बाक निकाल देणाऱ्या साहेबांच्या खुर्चीमागे, कपाटाला चिकटून ठेवला आहे. त्या बाकावर अर्जदाराचा एकुलता एक साक्षीदार म्हणून पंखा बसला होता. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि पंख्याचे हात चालू झाले. मुद्दाम नाही. ज्या माणसाने सगळा जन्म दुसऱ्याचे बोलणे हातांनी पुढे पोहोचवले, त्याला बोलणे ऐकू आले की हात हलतातच, शिंक यावी तसे. कुठे उभा होता? टाकी किती लांब होती? आधी कधी गळत होती का? अर्जदाराला सवयीने समजत गेले आणि तो सवयीने उत्तरे देत गेला. समोर इतका लक्ष देणारा अधिकारी बसलेला पाहून त्याला मनात बरेही वाटले. कारखान्याचे वकील तेवढे खूश दिसत होते, त्याचे कारण मात्र समजले नाही.

८. निकालपत्रात साहेब लिहितात : "अर्जदाराची नजर चंचल होती, परंतु एकही प्रश्न पुन्हा विचारावा लागला नाही. सबब अर्जदारास उत्तम ऐकू येते." कारखान्याच्या डॉक्टरांचा दाखला दाखवला तर म्हणतात, तो नोकरीवरून काढण्यापुरता ग्राह्य आहे, भरपाई देण्यापुरता नाही. म्हणजे घर खाली करताना अर्जदार बहिरा आणि भरपाईच्या खिडकीशी तो धडधाकट. एवढे लवचीक कान देवानेही कोणाला दिले नसतील, ते न्यायाधिकरणाने दिले.

९. बाहेर व्हरांड्यात पत्नीने पंख्याला फैलावर घेतले. "मेल्या, हात खिशात ठेवायला काय झालं होतं तुला?" तो म्हणाला, "वहिनी, आईशप्पथ, मला वाटलं मी मदत करतोय." नंतर तो अर्जदारासमोर आला. प्रेस खात्यात माफीची खूण नाही. तिथे चूक झाली की बोट जाते, माफी मागायला कोणाला सवड नसते. म्हणून तो नुसते हात पसरून उभा राहिला. त्याचे हात थांबलेले अर्जदाराने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्याने आपली चूक लिहून दिली आहे. ती दाखल करून घ्यायला न्यायाधिकरणाने नकार दिला. म्हणे हातवारे ही मान्यताप्राप्त भाषा नसल्याने त्यात काही बोलणे झाले असे मानता येत नाही. बोलणे झाले नाही, तर अर्जदाराला समजले कसे? तर ऐकू आले म्हणून.

१०. अर्जदार दया मागत नाही. दयेची शाखा कुठल्या मजल्यावर आहे हे विचारण्याचे त्राणही आता उरलेले नाही. घर सोडायची वेळ डोक्यावर आहे, म्हणून एकच मागणे. अपिलाच्या दिवशी पंख्याला इमारतीच्या बाहेर, फाटकापाशी उभे करावे. पत्नीलाही त्याच्यासोबत बाहेर ठेवावे. अर्जदाराला भिंतीकडे तोंड करून बसवावे आणि आपण स्वतः त्याच्या पाठीमागे उभे राहून, आवडेल तेवढ्या मोठ्याने, सांगावे की तुझी भरपाई मंजूर आहे. हे वाक्य ऐकण्यासाठी ज्याने इतके जिने झिजवले, त्याला काडीचेही ऐकू येत असेल तर तो वळल्याशिवाय राहील का? वळला, तर अपील फेटाळावे. तो त्याच दिवशी घराची किल्ली कारखान्याच्या हातात देईल. नाही वळला, तर महोदय, मेहेरबानी करून आपण चार पावले चालून पुढे यावे आणि तेच वाक्य त्याच्या तोंडावर बोलावे.

भिंतीकडे तोंड करून बसायला तयार असलेला,

आपला नम्र
अर्जदार
(सही)

दिनांक : घर खाली करण्याच्या मुदतीआधी
सोबत : पंख्याचे लेखी निवेदन, दुसऱ्यांदा