पुढं खराब हाय

अप्पा, तुमचा ग्रामोफोन आता माझ्याकडे नांदेडला आहे. औशाचं घर विकलं तेव्हा भांडीकुंडी, कपाटं सगळं कुणीकुणी नेलं, पण ह्या पेटीला कुणी हात लावेना. मी ती मांडीवर घेऊन एसटीने आणली. कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं. तुम्ही असता तर भांडला असता, म्हणून मग मीच भांडले. पेटीबरोबर तुमची ती एकुलती एक तबकडीही आली. हैदराबादच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेली, मधला कागद झिजलेला, त्यावर 'ऑपेरा' एवढंच कसंबसं वाचता येतं. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, आणि हे त्यातलं एका बाईचं छोटंसं पद. सुरू झालं म्हणेपर्यंत संपणारं.

माझ्या लहानपणची दुपार आहे. मोंढ्यातली आडत बंद करून तुम्ही जेवायला आलात, जेवलात, आणि आता दार लोटून पेटीला चावी देताय. कपाळावरचं भस्म घामाने ओघळलंय. बाईचा आवाज येतो, खालचा, जड, प्रत्येक स्वरावर रेंगाळणारा. तुम्ही म्हणता, "ऐक. तुझी माय अशीच म्हणायची." मी विचारते, "कोणत्या भाषेत?" तर म्हणता, "भाषा सोड गं. आवाज ऐक." आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की तिचा चेहरा मला फोटोतून माहीत आणि आवाज ह्या पेटीतून. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आईलाही तसंच बसवलं, हे कुणीतरी माझ्यासमोर बोललं होतं. त्यामुळे ती त्या पेटीतच मांडी घालून बसली आहे, अशी माझी पक्की समजूत होती. मी पेटीच्या फार जवळ जात नसे. पद संपत आलं की तुम्ही झटकन सुई उचलायचा. "पुढं खराब हाय," म्हणायचा, आणि चपला घालून परत आडतीवर जायचा.

पुढे मी गाणं शिकले, शाळेत संगीताची बाई झाले. माझा षड्ज आपसूक पांढरी सहाला लागायचा, कारण तुमची तबकडी त्या पट्टीत वाजायची. एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. त्या पदातले सगळे स्वर शुद्ध, बिलावलासारखे लख्ख, मग ते ऐकताना इतकं उदास का वाटावं? ह्या दिवाळीच्या सुट्टीत पेटीला तेल द्यायला म्हणून मी तबकडी ठेवायची थाळी उचलली, आणि कोडं सुटलं. थाळीच्या कडेखाली वेगाचा खटका होता. तो 'मंद'च्या बाजूला ओढून दोऱ्याने करकचून बांधलेला होता. पांढरा दोरा, लिंग गळ्यात घालतो तसला शिवदोरा. काही विचार न करता मी तो कात्रीने तोडला आणि तबकडी लावली. एक अल्लड पोरगी उड्या मारत गायला लागली, अप्पा. द्रुत लय, पट्टी थेट वरच्या पांढरी एकला, आणि शेवटी खळखळून हसणं. तबकडीवर तिथे एक ओरखडासुद्धा नाही.

मला तुमचा भयंकर राग आला. एका परक्या पोरीला खाली ओढून तुम्ही तिला माझी आई केलंत, आणि मी जन्मभर त्या आवाजावर जीव टाकला. म्हणजे आईचा आवाज माझ्याकडे कधी नव्हताच. दोन दिवस मी पेटीकडे पाहिलं नाही. मग राहवेना. पण दोरा तुटलेला, आता खटका नेमका कुठे होता ते कसं कळणार? मी हार्मोनियम-तंबोरा घेऊन बसले, पांढरी सहा लावली आणि खटका केसाकेसाने मागे आणत गेले. पोरगी मोठी होत गेली. तिची बाई झाली. आवाज षड्जाला टेकला तेव्हा मी खटक्यावरचा हात काढला.

त्याच वेळी दिवाळीला आलेली लातूरची आत्या आत स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. ही तबकडी तुम्ही कधी कुणासमोर लावली नव्हती, तिला तर ती असल्याचंही माहीत नव्हतं. ती आतून ओरडली, "आले गं वैनी!" आणि मेथी मांडीवरून सांडत उठली. दारात येऊन माझ्याकडे पाहत राहिली. "आत्या, तबकडी हाय ती," मी म्हणाले. "न्हाई," ती म्हणाली. "तबकडी कशाला वैनीच्या आवाजात गाईल?" आणि भिंतीला धरून खाली बसली.

म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हता. आई गेल्यावर तुम्हीही असेच खटका सरकवत बसला असाल, ती सापडेपर्यंत, आणि सापडल्यावर पुन्हा हरवू नये म्हणून बांधून ठेवलीत. माझा राग तिथेच गेला. फक्त त्या गडबडीत सुई उचलायची राहिली होती. पेटीची चावी उतरत आली होती, त्यामुळे हसणं आणखी लांबलं, आणखी खोल गेलं, आणि ते हसणं राहिलंच नाही. तो श्वास होता. आत जाताना अडकणारा, बाहेर येताना घरघरणारा. आत्याने कानांवर हात ठेवले. आणि मला दिसलं, अप्पा. अर्धवट लोटलेलं दार, भिंतीला उशी लावून बसवलेली, त्याच श्वासाशी झुंजणारी आई, तिच्या पाठीवरून फिरणारा तुमचा हात, आणि दारात उभी असलेली मी. कुणी सांगितलेलं नाही, फोटोत नाही. आईची माझी स्वतःची अशी एवढीच आठवण, आणि दर वेळी सुई उचलून तुम्ही ती माझ्यापासून लपवून ठेवली होती.

खटका मी पुन्हा बांधलाय. तुमच्याइतका घट्ट बसला नाही. परवा माझी लेक कॉलेजातून आली, शेजारी बसून ऐकायला लागली, म्हणाली, "आई, कोण गातंय? तुझ्यासारखाच आवाज आहे." मी म्हटलं, तुझी आजी. शेवट जवळ आला तशी मी सुई उचलली. तिने विचारलं, "का थांबवलंस?"

पुढं खराब हाय, असं मी तिला सांगितलं.