विंगेतली केवळरामची खुर्ची

१८ नोव्हेंबर २०२४

आली एकदाची गोंदियाला. चिचगडहून देवरी, देवरीहून दुसरी बस, मांडीवर आईनं बांधून दिलेले पोहे. विद्यापीठाचं नाट्यकला केंद्र फुलचूरच्या पुढं, धानाच्या बांध्यांना लागून आहे. धान कापून झालंय. आत खरा रंगमंच, खरे पडदे, आरशाभोवती बल्ब. गावच्या मंडईच्या, दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात मी सहा वर्षं नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम केलं. आता नायिकाच होणार. बाबांनी तर गावभर सांगून टाकलं, जानेवारीत प्रयोगाला गाडी करून सगळे येणार म्हणून.

२१ नोव्हेंबर

नायिकेचं काम भाग्यश्रीला. ती गोंदियाचीच, घरी हिंदी बोलते, मराठी वाक्य म्हणताना दोनदा अडखळते. पण गोरी आहे ना. मला नाटक बसवणाऱ्या हिरालाल सरांनी प्रॉम्टर केलं. म्हणाले, झाडीपट्टीत प्रॉम्टरशिवाय नाटक उभं राहत नाही, मोठा मान आहे. मान म्हणे. विंगेत लपून दुसरीच्या तोंडात शब्द घालायचे, याला मान म्हणतात. जेवली नाही. बाबांना अजून सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

कपडेपट सांभाळणाऱ्या नंदाबाईनं डाव्या विंगेतली लाकडी खुर्ची दाखवली. ती केवळराम प्रॉम्टरची. चाळीस वर्षं गावोगावच्या मंडळांना त्यानं वाक्यं पुरवली, पण जन्मात एकदाही त्याच्या तोंडाला रंग लागला नाही. मोठा जळका होता म्हणे, नटांवर जळत जळतच मेला. नवा प्रॉम्टर आला की खुर्चीवर सुपारी ठेवून बसायची परवानगी मागतो. नंदाबाईनं बजावलं, बसाची परवानगी तेवढी माग, दुसरं काही मागू नोको.

सुपारी ठेवली. परवानगी नाही मागितली. म्हटलं, केवळरामजी, तिचं तोंड बंद करा आणि तिचं काम मला द्या. माझं दुःख तुम्हाला नाही कळणार तर कोणाला कळेल?

बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर

आज दुपारच्या तालमीत मुद्दाम वाक्य दिलं नाही. पाहू म्हटलं कशी तोंडघशी पडते ते. पण तिनं बरोबर म्हटलं. पुढची दोन पानंही न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नंतर ती मलाच धन्यवाद द्यायला आली. म्हणाली, आज तू किती छान सांगून राहिली होती, पण आवाज काऊन एवढा जाड केला?

मी तोंड उघडलंच नव्हतं.

३ डिसेंबर

भाग्यश्रीचा आवाज गेला. वाक्याच्या मधातच. तोंड हलून राहिलं, आवाज नाही. डॉक्टर म्हणतात गळ्यात काहीच खराबी नाही. तिची आई रडत रडत घेऊन गेली.

काम मला मिळालं. खोटं कायले लिहू, गोड लागलं. बाबांना फोन केला. त्यांनी शेजारच्या बुधरामकाकांना तिथूनच हाक मारून सांगितलं.

६ डिसेंबर

नवा प्रॉम्टर अजून मिळाला नाही. खुर्ची रिकामी. तरी डावीकडून वाक्य येते, माझ्या एक शब्द आधी. सर म्हणाले, रेणू, एवढं पाठ कधी केलं गं?

मी वही उघडलीसुद्धा नाही.

९ डिसेंबर

मेसमध्ये भात मागायचा होता. तोंड उघडलं — काही नाही. मग डाव्या कानात, जाड्या आवाजात: भात वाढ. तेव्हा कुठं बोलता आलं.

बाबांचा फोन. मला घेऊन जा म्हणायचं होतं. कानात आलं: मजेत आहो. मी म्हटलं, मजेत आहो.

१० डिसेंबर

भाग्यश्रीच्या घरी गेली. माफी मागायची होती, तोंडून निघाली नाही. केवळरामनं दिलीच नाही. तिनं पेन शोधला. मग कागदावर लिहून दिलं — पहिले त्यानं माझे सगळे शब्द घेतले. मग स्वतःचे देणं बंद केलं.

११ डिसेंबर

नंदाबाईनं न सांगताच ओळखलं. म्हणाली, जा, काम नोको म्हणून त्याले परत कर.

सुपारी घेऊन गेली. म्हणायचं होतं, नको मला. तोंडून निघालं — जाडा आवाज, माझ्याच तोंडून — आता रंग लाव. आरशासमोर बसली. हात आपोआप — रंग लागला तेव्हा आरशात कोण हसून राहिलं होतं —

मी नव्हती.

१२ डिसेंबर

लिहितानाही आता. आधी कानात, मग पेनात. वरचे सगळे शब्द त्याचेच. भाग्यश्री, माझी चूक — नाही लिहू देत —

बाबा, गाडी करू नका. नाटकाला या — नाही, हे मी नाही — येऊ नका

थांबला. सांगून नाही राहिला.

केवळरामजी, पुढचं सांगा.

बाबा, मला