सहा हात म्हणजे नऊ फूट

अहो,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. शहाडहून राघो टांगा घेऊन आलाय. त्याची आई कधी फोटोला बसत नव्हती, ती आज कबूल झाली आहे. "उद्याचा काय भरवसा नाय वहिनी, तुम्हीच चला," म्हणतो. म्हणून कॅमेरा घेऊन मीच निघाले. ओरडू नका, ताप चढेल.

वन्संच्या लग्नात मी भिंगाच्या कड्यावर सहाचा आकडा लावला आणि सहा हात मोजून उभी राहिले. पुढ्यातली समई झकास आली आणि नवरानवरी धुक्यात गेली. तेव्हापासून तुम्ही कॅमेरा कुलपात ठेवलात. अहो, ते आकडे फुटांचे असतात हे आधी सांगितलं असतंत तर! आमच्याकडे सगळं हातानेच मोजतात. आता चुकणार नाही. सहा हात म्हणजे नऊ फूट, तेही राघोच्या आईच्या नाकापासून. भिंगाच्या भोकाचा आकडा अकरावर ठेवीन, म्हणजे भोक बारीक होऊन तिच्या मागे उभी राहिलेली नातवंडंही स्वच्छ येतील.

किल्ली कशी सापडली ते विचारू नका. तुमच्या कोटाची बटणं मीच लावते.

पेज चुलीच्या वैलावर आहे, गरम असतानाच प्या.

रोलमध्ये आठ फोटो आहेत. सात तिकडे काढीन, आठवा राखून ठेवते. अख्ख्या कल्याणचे फोटो काढलेत, घरात तुमचा एकही नाही. ऊन आहे तोवर परत येते. तेवढी दाढी करून ठेवा.

सगुणा