माझे साठ

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? लेकीकडे नीट पाय पसरून बस. चष्म्याच्या दुकानाला तुझ्या धाकट्या बहिणीने अजून आग लावलेली नाही.

पण एक गोष्ट मनात सलतेय. वरखर्चाची पेटी हिशेबाच्या बाईंकडे असते ना? चहा, टपाल, काचा पुसायची फडकी, सगळं त्यातूनच, आणि प्रत्येक खर्चाची चिठ्ठी. मी सहज मागची वही चाळली. महिन्यातून तीनचारदा समासात बारीक अक्षरात लिहिलंय : ‘माझे साठ’, ‘माझे चाळीस’. चिठ्ठी एकाचीही नाही. आणि तू गेल्यापासून असं एकदाही नाही! मी डोळ्यांत तेल घालून बसलेय, म्हणूनच ना?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं पेटी पैशाला पैसा जुळते म्हणून मीच बाईंचं कौतुक करत होतो. आधी हात मारायचा, मग जुळवायचं, आणि वर लिहून ठेवायचं! किल्ली काढून घे. महिनाअखेरीस पगार देऊन त्यांना मोकळं करू. तू विरघळशील, म्हणून बजावतोय.

जपून राहा आणि असंच लिहीत जा.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

किल्ली मागितली. बाईंनी चकार शब्द न काढता दिली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. किती घेतले ते काढावं म्हणून वही घेऊन बसले. ‘माझे’ खर्चात धरले की बेरीज जुळेना. जमेत धरले की पैशाला पैसा.

दादा, बाई घेत नव्हत्या, पदरचे घालत होत्या.

विचारलं तर म्हणाल्या, की तू रिक्षासाठी पेटीतून नोट काढतोस आणि चिठ्ठी लिहायला विसरतोस. तुला का सांगितलं नाही, म्हटलं. तर म्हणाल्या, पूर्वी एकदा साठ रुपये कमी भरले, तेव्हा तू काचा घासणाऱ्या कारागिराला सगळ्यांदेखत चोर ठरवून हाकललंस. पुन्हा कुणावर ती पाळी नको, म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किल्ली परत द्यायला गेले, तर त्या घेईनात. सांग, काय करू?

तुझी,
धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,

तीन दिवस पेन हातात धरवत नव्हतं. ते साठ रुपये कमी भरले, त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो. रिक्षानेच. पैसे कुठून दिले, ते काही केल्या आठवत नाही. दुकानात मात्र मी छातीठोकपणे त्या कारागिराकडे बोट दाखवलं होतं. तो जेवणाचा डबा उचलून निघून गेला.

बाईंना सांग, किल्ली त्यांनीच ठेवावी, मी हात जोडतो. आणि त्या कारागिराचं घर त्यांना ठाऊक असेल, तर विचारून ठेव. आलो की घरी न येता आधी तिकडे जाईन. त्याने दार उघडलं नाही, तर बाहेर उभा राहीन.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. ती जागा कोरीच ठेवतो.

दादा