बारा ते तीन

पप्पा, तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली आणि मला आज तुमच्याशी भांडायचंय. काल उत्तम शुक्रवार होता. इथं कराडच्या देवळात पाळकांनी क्रुसावरचे सात शब्द घेतले. पाचव्या शब्दाला, प्रभूला तहान लागते तिथं, मी उठून बाहेर गेले. सुनेला वाटलं, उन्हाचा त्रास.

आपल्या तासगावच्या घरात त्या दिवशी बारा ते तीन कुणी तोंड उघडायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. त्या तीन तासांत प्रभूनं क्रुसावर मुकाट्यानं सोसलं, म्हणायचात. कुठं मुकाट्यानं? सात वेळा बोलला की तो! देवळाच्या मंडळीचे पंच ना तुम्ही? एसटीच्या डेपोत नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड ओळखणारा मेकॅनिक, आणि घरात ठार बहिरा.

मी चौदा वर्षांची. आई तापानं फणफणलेली, खाटेवर. दीड वाजता म्हणते, "आवं, वाईच पाणी द्या की." तुम्ही ओठांवर बोट ठेवता. ती पुन्हा म्हणते, "घसा लय सुकलाय वो." पुन्हा बोट. तांब्या माझ्या पायापाशीच. मी हात लावला तसे तुम्ही असे डोळे वटारलेत की हात मागं आला. तीनच्या ठोक्याला तुम्ही स्वतः पेला भरून दिलात. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, पण तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. तुम्ही मात्र मंडळीत सांगत फिरलात, बाई लय सोशिक हाय.

पुढं अर्धांगवायूनं तुमचं उजवं अंग आणि वाचा गेली, आणि तुम्ही माझ्या घरी आलात. त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार. नवरा आणि पोरं देवळात. सव्वाबाराला तुम्ही डाव्या हातानं तांब्या दाखवलात. मी तुमच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ओठांवर बोट ठेवलं. पावणेतीन तास, पप्पा. तुमचे ओठ पांढरे पडत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तीनला पाणी पाजलं. म्हटलं, आता रडाल, आता कळेल आईचं. तर तुम्ही माझा हात थोपटलात. पोरीनं नियम पाळला म्हणून! जन्मात कधी मला शाबास म्हणाला नव्हतात.

उद्या ईस्टर. त्याआधी हा कागद फाडून टाकीन. तो सूड होता, हे सांगायला तेव्हा मी तोंड उघडलंच नाही. शाबासकी गोड लागली, पप्पा.