वन टेकमधलं रडणं

रविवार, १२ नोव्हेंबर १९८९

आज टेंभी नाक्यावर माझं रडणं ऐकलं!

खरंच. आईसाठी खोबरेल आणायला गेले होते. कॅसेटवाल्याने भोंगा बाहेर लावलेला आणि त्यातून मी — "नको वो नाखवा, नको वो, मेले गो बाय!" — आणि नाक्यावरचे सगळे हसतायत. भजीवाला झारा कढईवर धरून हसत होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ती मीच! पण बालवाडीच्या बाईंनी असं करायचं नसतं. उगाच दोनदा रस्ता ओलांडला, परत ऐकायला मिळावं म्हणून.

गाणं गुरुदादाचं — 'झिंगला नाखवा'. गुरुदत्त आमच्या शेजारचा. खोपटच्या डेपोत मेकॅनिक, आणि आता कॅसेटचा हिरो! गाण्यातला नाखवा पिऊन घरी येतो, काठी काढतो आणि बायकोला बडवतो. एक ओळ तो म्हणतो, मग आम्ही पाच जणींनी झील धरायची — "आनखी येक दे रं, आनखी येक दे!" मध्ये बायकोचं रडणं. स्टुडिओत बाकीच्या खी खी करत बसल्या, रडायला कुणालाच येईना. मी पुढे झाले. डोळे मिटले आणि रडले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "वन टेक! कुठे शिकलीस गं?" म्हटलं, आपोआप आलं.

कुठून आलं ते ठाऊक आहे. लिहीत नाही.

कव्हरवर गुरुदादाचा काळा चष्मा तेवढा दिसतो. आमचं नाव 'कोरस'. पण भाग दोनमध्ये मला एक अख्खं गाणं देणार आहे, एकटीला! आणि कव्हरवर छापणार — 'कु. मालन दामाजी कोळी'. शीलावहिनीसमोर, म्हणजे त्याच्या बायकोसमोर, शब्द दिलाय. त्यामुळे पक्कं.


बुधवार, १५ नोव्हेंबर

डेपोत कंडक्टर लोक तिकिटाच्या चिमट्यावर 'आनखी येक दे'चा ताल धरतात म्हणे. गुरुदादा जमिनीच्या वीतभर वरून चालतोय. मी पण!


सोमवार, २० नोव्हेंबर

बालवाडीत आज काय झालं ते लिहायला हवं.

खाऊच्या सुट्टीत मी दारात उभी. आत पोरांचा खेळ चाललेला. नाथाने माझी फूटपट्टी घेतलेली, सुमती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, आणि बाकीची पोरं गोल करून टाळ्या वाजवत — "आनखी येक दे रं, आनखी येक दे!" नाथा झिंगल्यासारखा डोलत पट्टी मारत होता. सुमती रडत होती. काय रडत होती! सगळे हेल बरोबर. मला हसू आलं. आधी हसूच आलं, खोटं कशाला लिहू?

मग मला बघून ती धावत आली. "बाई, तुमच्यावानी जमला ना मना?"

मी म्हटलं, "छान." तोंडातून गेलंच.

मग तिचा दंड दिसला. पट्टीचे दोन लाल वळ. पोरगी खरोखरची मार खात होती आणि रडणं मात्र माझं रडत होती! विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "दुखतंय, पन आजून खेलायचा हाय."

पट्टी कपाटात टाकून कुलूप लावलं. पट्टीचा काय दोष! नाथाचाही नाही. त्याला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला रागवू? कॅसेटवर मी आहे.


मंगळवार, २१ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरा जा आयकतान, ताच खेलतान." आणि उठून मागे गेली, कोलंबी अर्धी तशीच टाकून.

आता आठवतंय. ते गाणं शेजारी लागलं की आई नेहमीच उठून मागे जाते. मला वाटायचं, गुरुदादाचा आवाज तिला आवडत नाही. कसा आवडेल? एके काळी कोळीवाड्यात हळदीला गाणी सांगावीत ती मनुबाईने, म्हणजे माझ्या आईनेच! बाजारात पापलेटाचा भाव ओरडली तरी सुरात. पण आबा गेला — माझा बाप, पाच वर्षं झाली — तेव्हापासून ती हळदीच्या मांडवात येत नाही. नवरा गेलेल्या बाईने येऊ नये म्हणतात. मागच्या बाजूला चुलीपाशी बसते आणि शंभर माणसांचं रांधते.


रविवार, २६ नोव्हेंबर

गुरुदादाकडे तालीम. भाग दोन.

या वेळी काठी नाही, वल्हं! आणि रडणं दुप्पट. "पब्लिकला तेच पायजे मालू. तुझं रडणं म्हंजे कॅसेटचा जीव हाय." मी म्हटलं, गुरुदादा, मी नाही रडणार. दुसरं काहीही सांग.

"अगं गंमत गो ती! कुनाला लागतंय काय?"

"सुमतीला लागलं."

"कोन सुमती?"

सांगितलं. तो हसला, मग चिडला. "माझ्या गान्यानं कोन मारतंय? मी माझ्या बायकोला कंदी हात लावलाय? इचार तिला!"

आतून शीलावहिनी — "लावून तर बघ!"

सगळे हसले. मी पण. माणूस वाईट नाही, तेच तर अवघड आहे. दुष्ट असता तर सरळ भांडले असते. तो शांतपणे म्हणाला, "रडनं नाय तर तुझं गानं पन नाय. नाव पन नाय. बघ बाय."

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. खरं रडणं मात्र फार वाईट येतं मला — नाकातून, फुसफुस. कुणी वन टेक म्हणालं नसतं!


बुधवार, २९ नोव्हेंबर

वहीच्या मागच्या पानावर माझं नाव नऊ वेळा लिहिलंय. कु. मालन दामाजी कोळी. एकदा 'कु.' न लावता. एकदा वळणदार 'म' काढून. मला ते कव्हरवर पाहिजे. या पानाशी काय लपवायचं? पाहिजेच आहे!

हो म्हणून टाकू? एक रडणं तर आहे.

संध्याकाळी रंभा आली. कोरसमधली माझी जोडीदारीण. आठ तारखेला तिची हळद, नवऱ्याचं घर डोंबिवलीला. हळदीला गुरुदादाची गाण्याची पार्टी. तिच्या भावाने, प्रभाकरने ठरवली, तो स्वतःच पार्टीत ढोलकी वाजवतो. रंभाचं तोंड उतरलेलं. "मालू, मी आंगाला हलद लावून बसनार, आन मैतरनी माझ्याम्होरं 'आनखी येक दे' गानार? भावाला बोलले, तर बोलतो, लोकाना तेच गाना पायजे."

 मग मीच म्हटलं, "रंभा, त्याच्या ओळीनंतर झील कोण धरतं?"

"आपुन."

"आणि नाही धरली तर?"

 रंभाने असं काही हसायला सुरुवात केली की आई बाहेर आली. तिला सांगितलं. या वेळी आई उठून मागे गेली नाही.


शनिवार, ९ डिसेंबर

काल! काल! काल!

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. ऊन उतरलं तशी रंभाला हळद लागली. पोरगी पिवळीधमक, दात तेवढे पांढरे. गुरुदादा काळा चष्मा लावून, हातात चांदीचा कागद गुंडाळलेली काठी घेऊन मांडवात आला. ही काठी त्याची खास. नाचताना फिरवतो. शिट्ट्याच शिट्ट्या! दोन गाणी साधी झाली, आम्ही झील धरली. मग लोकांनी ओरडायला सुरुवात केली — झिंगला! झिंगला!

त्याने काठी उचलली, ओळ म्हटली आणि माईक आमच्याकडे केला.

पाचवी रंभा पाटावर; आम्ही चौघी ठरल्याप्रमाणे हाताची घडी घालून उभ्या.

ढोलकी वाजतेय. गुरुदादाला वाटलं, चुकलो आपण. पुन्हा ओळ म्हटली. पुन्हा माईक. काहीच नाही!  प्रभाकर डोळे वटारतोय, मागून कुणीतरी म्हणतंय, आवाज बसला काय गो पोरींचा? तिसऱ्यांदा त्याने ओळ म्हटली तेव्हा ती इतकी केविलवाणी वाटली! बाईने साथ दिल्याशिवाय ते गाणं उभंच राहत नाही. इतके महिने आम्हीच ते उचलून धरलं होतं.

आणि त्या शांततेत मांडवाच्या मागून, चुलीजवळून, आवाज आला —

"काठी टाक रं नाखवा, काठी टाक!"

आई! माझी आई! हातात भाताचं उलथणं, तोंड धुराने लाल, मांडवाच्या शेवटच्या खांबाला धरून उभी. पाच वर्षांनी गात होती. तोच ताल, तीच चाल.  मग आम्ही चौघींनी ती ओळ अशी झेलली की मांडव हलला!

"काठी टाक रं नाखवा, काठी टाक,
चुलीम्होरं जरा कंबरंत वाक!"

शीलावहिनी उठली. म्हाताऱ्या उठल्या. हळद लागलेली रंभा पाटावरून उठली, नवरीने उठायचं नसतं तरी! प्रभाकरचा हात दोन मात्रा अडखळला आणि मग त्याने ढोलकी अशी काही उडवली की बाप्येसुद्धा ओरडायला लागले — काठी टाक! आई एकेक कडवं जागच्या जागी रचत होती. नाखवा भांडी घासतोय, नाखवा भात करपवतोय, नाखवा बायकोला विचारतोय मीठ किती. पोटं धरून हसलो आम्ही.

आणि गुरुदादा? मला वाटलं, आता माईक आपटून जाईल. एवढंसं तोंड झालेलं. पण शेवटी गाणारा माणूस आहे. गाणं चढतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याने चष्मा काढला, ती चांदीची काठी डोक्यावर धरली आणि दिली टाकून! कंबरेत वाकून भाकऱ्या थापायला लागला, हवेत! असा नाच त्याने जन्मात केला नसेल.

आईला मांडवात कोणी ओढून आणलं ते दिसलं नाही. कुणीही 'येऊ नये' म्हटलं नाही.


रविवार, १० डिसेंबर

सकाळीच गुरुदादा दारात. भाग दोनमध्ये हेच गाणं पाहिजे! नाखवा तो, बाकी सगळं गाणं माझं.

आई बांगडे पाटीत लावता लावता म्हणाली, "बोल माझं हायत. माझं पन नाव छाप. आन चष्म्याएवढा मोठा छाप."


सोमवार, १८ डिसेंबर

बालवाडीत आज भांडण! नाखवा व्हायला कोणी तयार नाही, सगळ्यांना 'काठी टाक' म्हणायचंय. शेवटी नाथालाच केलं. मी कपाटातली पट्टी काढून दिली, त्याने ती टाकली आणि बिचारा सगळ्यांच्या डब्यांना झाकणं लावत बसला. सुमती कंबरेवर हात ठेवून देखरेख करत होती.


रविवार, ७ जानेवारी १९९०

रेकॉर्डिंग झालं! मी अख्खं गायले!

एकाच जागी अडलं. शेवटी नाखव्याची बायको हसते. मला हसताच येईना. खोटं, पत्र्यासारखं वाजायचं. चार टेक झाले. रेकॉर्डिंगवाला वैतागला. "रडलीस वन टेकमध्ये, हसायला काय झालं?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई बसलेली. तिचं माझ्याकडे बघून सुरू झालं. आधी पदराआड, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याने खूण करून माईक तिच्याकडे फिरवायला लावला. तेच हसणं ठेवलं. वन टेक!


सोमवार, ८ जानेवारी

आज सकाळी पाटी धुताना आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "पयल्या कॅसेटीतला रडना माझा व्हता ना गो? आबाच्या येलचा, तो पिऊन मारायचा तवाचा?"

मी हो म्हटलं.

"मी पयल्याच दिशी वलखला." तिने पाटीवर पाणी ओतलं. मग म्हणाली, "मी तोंडात पदर कोंबून रडायची. तू निजलीस असा वाटायचा. तुला सगला आयकू यायचा?"

मी पुन्हा हो म्हटलं. 

"आन काल हसले, ता पन आयकलास ना?"

"हो."

"मंग झाला," म्हणाली. आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला गेली.