एकतीस नंबरचं पान

३ जानेवारी

भुरी गेली. चौदा नंबर.

सकाळी आठला दलाल आला, सव्वाआठला गाडी निघाली. चढतच नव्हती ती. शेवटी मला हाक मारायला लावली — आणि माझ्या आवाजाला चढली! नंतर दिवसभर मी गोठ्याकडे फिरकले नाही.

काल म्हाताऱ्यापुढे हात जोडले होते. म्हटलं, बाबा, एक महिना द्या, या खेपेला गाभण राहील, डॉक्टर म्हणालेत. वहीवरून डोळे न उचलता म्हणाला, "तीन महिने लाल आलंय. नियम काय आहे?"

नियम मला विचारतो! प्रत्येक गाईचं एक पान. डावीकडे चारा, पेंड, औषध. उजवीकडे दूध. महिनाअखेर खर्च जास्त निघाला की लाल पेन्सिलीची रेघ. ओळीने तीन लाल रेघा आल्या की पानाखाली एकच शब्द — काढणे. नियम त्याचा, अक्षर माझं. भुरीच्या पानावरही मीच लिहिलं. डोळे भरून आले तर म्हणतो कसा, "पानावर रडू नकोस. शाई पसरते."

सासरा नव्हे, वजनकाटा आहे नुसता.

४ जानेवारी

वहीत तीस पानं गाईंची. आज एकतिसावं उघडलं. वर नाव नाही, नुसता नंबर.

डावीकडे — दूध अर्धा लिटर (घरच्याच गाईचं, पण बाजारभावाने लावलं), चहा-साखर, दोन वेळचं जेवण, रक्तदाबाच्या गोळ्या, वर्तमानपत्र. उजवीकडे — काही नाही.

एक तारखेपासूनचं लावलंय. बघू या किती महिने टिकतो ते!

११ जानेवारी

हे बँकेत जाऊन आले. दूध थंड करायच्या टाकीसाठी कर्ज मिळेल म्हणतात. मिळायलाच हवं. संकलनाची गाडी फक्त सकाळी येते. संध्याकाळचं एकशेदहा लिटर आम्ही मिठाईवाल्याला पडेल त्या भावात देतो. हिशोब केला — महिन्याला जवळजवळ चाळीस हजार हातचे जातात. हप्ता अठराचा. म्हणजे हप्ता देऊनही बावीस उरतात.

पण बँकेची अट — टाकीला गोठ्याला लागून पक्की खोली हवी. फरशी, वीज, पाण्याचा नळ. अशी खोली आपल्याकडे एकच आहे. तिच्यात म्हातारा झोपतो.

ह्यांना म्हटलं, बोला त्यांच्याशी. तर म्हणे, "बघू गं, घाई काय आहे." ह्यांचं सगळं आयुष्य "बघू"मध्ये गेलंय. आणि जमीन म्हाताऱ्याच्या नावावर, म्हणजे तारणाच्या कागदावर सहीही त्याचीच लागणार. खोली त्याची, सही त्याची. आमचं काय, तर शेण.

१ फेब्रुवारी

म्हातारा दर एक तारखेला वही बघतो. भिंग घेऊन, पान पान. तीसपर्यंत आला आणि मिटली. पुढचं पान उलटलंच नाही. मी समोरच उभी होते.

जानेवारी — दोन हजार सहाशे चाळीस. लाल.

९ फेब्रुवारी

धारेच्या वेळी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो. काम काही नाही, नुसतं बसणं! मग मध्येच — "नऊ नंबर डाव्या पायावर भार देत नाही." "तेवीसची पेंड कोणी बदलली?" या बसण्याचे किती धरायचे? विचार केला. काही धरले नाहीत. गाय दारात बसून राहिली तर तिचे धरतो का आपण?

१७ फेब्रुवारी

आज चिडून लिहिते आहे. हे म्हणाले, "तू बाबांवर इतकी का डूख धरून आहेस?"

का! लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. सासूबाई होत्या तेव्हा. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खायला काळ नि भुईला भार. हिला माहेरी पोचवू या आणि पोराचं दुसरं बघू." हे खाली मान घालून भात कालवत होते. सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. मी पण. वाटलं, हा तरी एक शब्द बोलेल.

तर हात धुतले आणि म्हणाला, "वही बघून सांगतो." आणि उठून गेला गोठ्याकडे! माझा संसार उधळायला निघाला होता आणि ह्याला गाईंचे आकडे आठवले! पंधरा वर्षं झाली, ते तीन शब्द अजून कानात आहेत.

नंतर सासूबाई त्या विषयावर गप्प बसल्या. का कोण जाणे. आठवडाभरात म्हाताऱ्याने वह्या आणून माझ्यापुढे टाकल्या — "निदान हे तरी लिही." निदान! मूल होत नाही तर निदान बैलासारखी राब.

१ मार्च

फेब्रुवारी — दोन हजार नऊशे दहा. लाल. दुसरी.

या वेळीही तीसवरच थांबला.

८ मार्च

वन्संना फोन केला. आधी सहज, तब्येत वगैरे. मग म्हटलं, बाबांना थोडे दिवस न्या ना तुमच्याकडे, तुमची आठवण काढतात. (काढत नाहीत.)

"अगं वहिनी, माझ्या दोन खोल्या! आणि जावयाच्या दारात राहतील का ते?"

म्हटलं, महिन्याचे महिन्याला पाठवू. मग एकदम गोड — "नाही तसं काही नाही गं, माझेच वडील आहेत… किती म्हणतेस?"

पाचपासून सुरू झाल्या. साडेतीन हजारांवर ठरलं. भाजी घेताना मी याहून जास्त घासाघीस करते. पाठच्या गॅलरीला काच लावून पलंग टाकतील म्हणाल्या. काचेचा खर्च वेगळा.

२२ मार्च

म्हाताऱ्याला खोकला. डॉक्टर, औषध, वाफेचं यंत्र. सगळं एकतीसला लावलं. महिना चार हजारांवर जाणार. वाईट वाटायला हवं होतं. हिशोब बसतोय याचंच बरं वाटलं. लिहून ठेवते, कुठे तरी खरं बोलावं माणसाने.

१ एप्रिल

आज पान उलटलं.

तीस बघून झालं. वही मिटणार, तेवढ्यात बोट अडलं. एकतीस. मी चहाचा कप घेऊन उभी, तशीच. वाचत गेला. दूध अर्धा लिटर. गोळ्या. वर्तमानपत्र. वाफेचं यंत्र. मार्चची बेरीज चार हजार एकशे पन्नास — मनात परत केली, ओठ हलत होते. तीन लाल रेघा भिंगाखाली धरून एक एक बघितल्या.

मला वाटलं, आता वही अंगावर येणार. आली असती तर मी तयार होते! पंधरा वर्षांचं साठलंय, एका दमात ओकले असते.

म्हणाला, "जानेवारीत चष्म्याची काच बदलली माझी. सहाशे. ती लावली नाहीस."

मी जानेवारीची ओळ शोधली.

"लाव. एक चूक सापडली की बँकवाला सगळ्या वहीवर संशय घेतो."

लावली. त्याच्यासमोर खोडून दुरुस्त केलं — तीन हजार दोनशे चाळीस. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तीन झाल्या. खाली शब्द राहिला."

"बाबा, ते मी आपलं…"

"भुरीला एक महिना दिला नाही मी. लिही."

लिहिलं. अक्षर तेवढं नेहमीपेक्षा बारीक आलं.

"कुठे?" म्हणाला. म्हटलं, वन्संकडे. "किती घेते?" साडेतीन. थोडा हसला. "बापावर गेली." मग म्हणाला, "कागद आण तारणाचे." जिथे जिथे मी फुली मारली होती तिथे तिथे सही केली. अकरा सह्या. चहा गार झाला तो प्यायला, फेकू दिला नाही.

६ एप्रिल

गेला. एक पेटी, भिंग आणि खुर्ची. खुर्ची गाडीत बसेना, ती राहिली.

हे आदल्या दिवसापासून तोंड लपवत होते. निघताना पाया पडले आणि रडले. म्हातारा म्हणाला, "धारेची वेळ झाली, जा." मला किल्ली दिली, त्याच्या लोखंडी ट्रंकेची. "जुन्या वह्या आहेत. बँक मागेल. मागतेच." गाडी वळेपर्यंत गोठ्याकडे बघत होता. आमच्याकडे नाही.

रात्री झोप छान लागली.

९ एप्रिल

खोलीचं दार फोडून रुंद केलं. भिंतीवर खुंटीखाली त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. गवंड्याने चुना मारला, तरी वर येतो.

१३ एप्रिल

नऊ नंबरची कास दगडासारखी झाली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाला, चार दिवस आधी कळायला हवं होतं. एक सड गेला कायमचा. औषधाचे अठराशे, दूध बंद ते वेगळं.

दारातली खुर्ची मी आत नेऊन ठेवली.

१६ एप्रिल

बँकेचा साहेब पाहणीला आला. तरुण आहे, बूट सांभाळत चालत होता. वह्या बघून खूश! "बाई, अशी वही मी अख्ख्या भागात पाहिली नाही." मी फुगले.

पानं उलटत उलटत एकतीसवर आला. वही देताना ते पान माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"हे एकतीस नंबरचं जनावर काय खातं हो एवढं? आणि दूध शून्य? वर्तमानपत्र खातं की काय?"

हे खोकले. मी म्हटलं, "काढलं साहेब. मागच्याच आठवड्यात."

"बरं केलंत. भाव काय आला?"

"भाव कसला! उलट आपणच महिन्याचे साडेतीन द्यायचे."

साहेब पोट धरून हसला. मीही हसले. हे उठून बाहेर गेले ते साहेबांची गाडी गेल्यावर आत आले. जेवले नाहीत.

कर्ज झाल्यातच जमा आहे. फक्त गोठा कधीपासून आहे त्याचा पुरावा हवा, वरच्या कचेरीला. पहिली वही दाखवा म्हणाला.

१९ एप्रिल

वन्संचा फोन. पैसे मिळाले. काचेचे राहिलेत. मग म्हणाल्या, "बाबा फार बोलत नाहीत. काल मात्र दोनदा विचारलं, वहिनीने एकतीसचं पान बंद केलं का म्हणून. कसलं पान गं?"

म्हटलं, केलं म्हणून सांगा.

टाकी आली, कर्जाच्या भरवशावर. आठ माणसं लागली. खोलीत बरोबर बसली, इंचभर जागा उरली नाही.

२० एप्रिल

ट्रंक उघडली. सगळ्यात खाली पहिली वही. तेव्हा सहाच गाई होत्या. सहा पानं. आणि सातवं.

नं. ७ — सून.

मला! गाईंच्या वहीत! फाडणारच होते. लग्नाच्या महिन्यापासून सुरू, वर्षाला एक ओळ, त्याच्या त्या टोकदार अक्षरात. साड्या, माहेरचं गाडीभाडं, डॉक्टरीणबाई, परत डॉक्टरीणबाई. उजवीकडे काही नाही. पहिलं वर्ष लाल. दुसरं लाल. तिसरं लाल.

तिसऱ्याखाली, त्या शब्दाच्या जागी लिहिलंय — ठेवणे.

चौथं वर्ष. लाल. बाजूला तारीख आहे. ती तारीख मला माहीत आहे, त्या दिवशी जेवताना ह्यांनी मान वर केली नव्हती. तिथे पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय.

ठेवणे. घरात कोणी पुन्हा विचारू नये.